जुना दवाखाना, वेळ नऊ ते एक

एकतीस वर्षं ते एकाच खिडकीमागे उभे होते. खिडकी म्हणजे भिंतीत पाडलेला हातभर चौकोन. अलीकडे बाकावर दाटीवाटीने बसलेले पेशंट, पलीकडे बाटल्या, बरण्या, खल, तराजू आणि कंपाउंडर. डॉक्टर आतून चिठ्ठी लिहून द्यायचे. ते अक्षर साऱ्या शहरात दोघांनाच लागायचं, स्वतः डॉक्टरांना आणि या कंपाउंडरांना. त्यातही कधीकधी डॉक्टरच अडायचे आणि आपलीच चिठ्ठी घेऊन खिडकीशी यायचे. "अरे, हे मी काय लिहिलंय बघ बरं."

कंपाउंडर बाटलीत लाल औषध ओतायचे, कागदाची पट्टी दुमडून कात्रीने तिला खाचा पाडायचे आणि बाटलीला उभी चिकटवायचे. "एक खाच सकाळी, एक खाच रात्री. आधी हलवायची." हे वाक्य ते झोपेतही बोलतात, असं त्यांची बायको शेजारणींना सांगायची. शेजारणी हसायच्या आणि मग आपापल्या दुखण्यांबद्दल हळूच विचारून घ्यायच्या. कंपाउंडरांचं उत्तर ठरलेलं असायचं, "डॉक्टरांना दाखवा." तेव्हा हे उत्तर सोपं होतं. डॉक्टर भिंतीपलीकडे बसलेले असायचे.

डॉक्टर गेले आणि दवाखाना बंद झाला. मुलांनी जागा विकली. तिथे बुटांचं दुकान आलं. भिंत पाडली, त्याबरोबर खिडकीही गेली. कंपाउंडर तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. पुढे तीन वर्षांनी बायको गेली, पंधरा दिवसांच्या तापात. मुलगा परदेशात होता. आला, दहा दिवस राहिला, फ्रीज साफ केला, नवा फोन घेऊन दिला आणि परत गेला.

दोन खोल्यांचं घर. स्वयंपाकघरातल्या नळाची गळती सोडली तर आवाज म्हणून काही उरला नाही. सकाळी पाव आणायला खाली उतरलं की बेकरीवाला म्हणायचा, "एकच ना?" आणि हे म्हणायचे, "एकच." दिवसभरातलं तेवढंच काय ते बोलणं. दुपारपर्यंत घसा धरून यायचा. मग कंपाउंडर उगीचच मोठ्याने काहीतरी म्हणून बघायचे. वर्तमानपत्रातली बातमी म्हणा, नाहीतर रेडिओवर गाणं लागलं की गायकाचं नाव म्हणा. आवाज चालतो आहे एवढी खात्री झाली की पुन्हा गप्प.

रविवारी मुलाचा फोन यायचा.

"जेवलात का, बाबा?"

"जेवलो."

"साखर तपासली?"

"तपासली. ठीक आहे."

"बाकी?"

"बाकी काय, चाललंय."

बाकी या शब्दानंतर दोघांनाही काही सुचायचं नाही. अशाच एका रविवारी मुलगा म्हणाला, "बाबा, साखर असलेल्या लोकांचा एक ग्रुप आहे फोनवर. तुम्हाला घालू का त्यात? तुमच्यासारखेच लोक असतात. तेवढाच वेळ जाईल."

त्याने तिथूनच सगळं करून दिलं. शेवटी फोनने नाव विचारलं. "खरं नाव द्यायलाच पाहिजे असं नाही," मुलगा म्हणाला, "काहीही घाला." कंपाउंडरांना सुचेना. परक्या लोकांत आपलं नाव टाकायचं जिवावर आलं. मग त्यांनी लिहिलं, 'जुना दवाखाना'.

पुढच्या सगळ्याची सुरुवात त्या दोन शब्दांपासून झाली. त्या वेळी त्यांना ते नुसतं आठवण म्हणून सुचलं होतं.

ग्रुपवर चार हजार माणसं होती. पहिले पंधरा दिवस कंपाउंडर नुसते वाचत राहिले, आणि वाचता वाचता त्यांचं डोकं फिरायची वेळ आली. कुणी लिहायचं, दालचिनीचं पाणी प्या, गोळ्या आपोआप सुटतात. कुणी एका पावडरीची जाहिरात दिवसातून चारदा टाकायचा. एका बाईंनी लिहिलं होतं की त्यांनी गोळ्या महिनाभर बंद ठेवल्या आणि त्यांना अगदी हलकं वाटतंय. खाली सत्तर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. एकाने इन्सुलिनची बाटली उन्हात खिडकीवर ठेवल्याचा फोटो टाकला होता, शेजारच्या कुंडीतलं फूल किती छान आलंय हे दाखवायला.

तो फोटो बघून कंपाउंडरांना राहवलं नाही. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत, त्यांनी लिहिलं: 'फूल छान आहे. बाटली आधी आत घ्या. उन्हात औषधाची ताकद जाते. ही बाटली वापरू नका, दुकानातून नवी घ्या.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. 'धन्यवाद डॉक्टर! गेले आठ दिवस साखर उतरत नव्हती, कारण आज कळलं.'

डॉक्टर. कंपाउंडर त्या शब्दाकडे बघत बसले. मग त्यांनी लिहायला घेतलं, 'मी डॉक्टर नाही, मी एका दवाखान्यात'. एवढं लिहून होईपर्यंत खाली आणखी चार जणांनी लिहिलं होतं. 'डॉक्टर काका, तुम्ही या ग्रुपवर होतात आणि बोलला नाहीत?' 'काका, माझाही एक प्रश्न आहे.' 'बरं झालं, कुणीतरी जाणतं माणूस आलं.' कंपाउंडरांनी स्वतःचं अर्धं वाक्य पुसलं. आता मध्येच ते लिहिलं तर त्या माणसांचा हिरमोड होईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. उद्या लिहू.

उद्या विचारणारे अकरा होते.

महिन्याभरात त्यांचा दिवस भरून गेला. सकाळी आंघोळ करून ते इस्त्रीचा शर्ट घालायचे. घरात बसून फोनवर लिहायचं तर गंजी चालली असती, पण गंजीवर बसून त्यांना औषधाचं नाव सुचेना. टेबल खिडकीपाशी ओढलं. वही ठेवली, पेन ठेवलं, चष्म्याची डबी ठेवली. आणि ग्रुपवर त्यांनी जाहीर केलं, 'वेळ: सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी पाच ते आठ. रविवारी बंद.' कुणाला तो विनोद वाटला, कुणाला शिस्त वाटली. लोक खरोखरच नऊ वाजायची वाट बघू लागले.

सांगायला हवं की ते बहुतेक वेळा बरोबरच सांगायचे. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर. कोणती फोडून घ्यायची नाही. दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगवेगळ्या नावांनी दिलंय, त्यातलं एक थांबवायचं का ते दोघांपैकी एकाला विचारा. पावडरवाल्याला त्यांनी असे काही साधे साधे प्रश्न विचारले की तो आठवड्यात ग्रुप सोडून गेला. दालचिनीवाल्याला ते म्हणाले, 'चहात घाला, चव चांगली येते. गोळी मात्र घ्या.' लोकांना हे बोलणं आवडायचं. एकतीस वर्षं भिंतीपलीकडून कानावर पडलेलं सगळं त्यांच्याकडे होतं. डॉक्टर पेशंटला काय म्हणायचे, कोणत्या आवाजात म्हणायचे, कधी नुसतं 'हं' म्हणायचे, तेसुद्धा.

फक्त एक गोष्ट त्यांच्याकडे नव्हती आणि तिचा त्यांनी कधी विचार केला नव्हता. डॉक्टरांची पेशंटची खुर्ची दारापासून लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. म्हाताऱ्या पेशंटची कीव येऊन कंपाउंडरांनी एकदा ती दाराजवळ आणून ठेवली, तर डॉक्टर भडकले होते. "मी त्याला चालताना बघायचं कसं मग?" तो बसायच्या आत अर्धं कळलेलं असतं, असं ते म्हणायचे. कोण पाय ओढतो, कोण भिंत धरतो, कोण एका बाजूला कलतो. कंपाउंडर खिडकीमागे. त्यांना फक्त चिठ्ठी दिसायची.

ग्रुपवर निळ्या छत्रीचा फोटो लावलेली एक बाई होती. तिला ते मनात निळी छत्रीच म्हणत. पन्नाशीच्या आतली असावी. म्हातारी आई आणि ती, दोघीच राहायच्या. ती पालिकेच्या पोहण्याच्या तलावासमोर एका चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. आईला साखर, आईचं ब्लडप्रेशर, आईचा हट्ट, यांवर ती रोज काही ना काही लिहायची. 'काका, आई म्हणते गोळी कडू आहे, तुम्हीच घ्या म्हणते.' कंपाउंडर लिहायचे, 'आईंना सांगा, काका स्वतःची घेतात, शिवाय त्यांचीही घेतली तर काका राहणार नाहीत.' मग आईने ते ऐकून काय उत्तर दिलं, ते यायचं. पाच महिन्यांत त्यांना ती म्हातारी घरच्यासारखी माहीत झाली होती. तिला फळांत फक्त नाशपाती आवडते. ती सुनेशी बोलत नाही, पण सुनेने विणलेला स्वेटर उन्हाळ्यातही काढत नाही. त्या दोघींचे आवाज कसे असतील याचा ते कधीकधी जेवताना विचार करत.

एका बुधवारी, दुपारचा पाऊण वाजला होता. कंपाउंडर वही मिटायच्या बेतात होते. निळ्या छत्रीचा निरोप आला, सगळ्यांच्या ग्रुपवर नाही, त्यांना एकट्याला.

'काका, आहात का? आई सकाळी बरी होती. आता अर्धा तास झाला, बोलणं जड झालंय. उजवा हात जड वाटतो म्हणते. घाम आलाय.'

'गोळी घेतली होती?'

'हो, सकाळी.'

'खाल्लं काय?'

'अर्धा पाव. नको म्हणाली.'

'मशीनवर साखर बघा.'

'मशीनचे सेल संपलेत काका. आज आणणार होते.'

कंपाउंडरांनी अशी माणसं शेकड्याने बघितली होती. गोळी घेतली, खाल्लं नाही, घाम फुटला, जीभ जड झाली. बाकावरच आडवी झालेली, साखरेच्या पाण्याने दहा मिनिटांत उठून बसलेली आणि उठल्याबरोबर 'माझा नंबर गेला का' म्हणून भांडणारी. त्यांनी फार विचार केला नाही. भराभर लिहिलं.

'साखर उतरली आहे. घाबरू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून घोट घोट द्या. आडवं पडू द्या. तासाभराने कळवा.'

'बरं काका. ठसका लागतोय तिला.'

'सावकाश द्या.'

पावणेदोनला पुन्हा निरोप आला. 'झोपली आहे.'

'छान,' त्यांनी लिहिलं, 'झोपू द्या.' मग त्यांनी दोन अंडी उकडली, जेवले, आणि स्वतःही थोडे पडले.

त्या संध्याकाळी काही निरोप नव्हता. दुसऱ्या दिवशी नव्हता. बरं वाटत असेल, म्हणून विसरली असेल. तिसऱ्या दिवशी कंपाउंडरांनी विचारलं, 'आई कशी आहे?' निरोप गेला, वाचला गेला नाही. ते इतरांना उत्तरं देत राहिले, पण मधूनमधून बोट निळ्या छत्रीवर जायचं. छत्री तिथेच, खाली शब्द नाही. आठव्या-नवव्या दिवशी ते बेकरीत पैसे देऊन पाव तिथेच विसरून आले.

अकराव्या दिवशी सकाळी नऊला निरोप आला. मोठा होता. त्यांनी तो उभ्या उभ्याच वाचला.

'काका, माफ करा, कळवायला जमलं नाही. आईला त्या दिवशी संध्याकाळी सहाला उठवायला गेले तर उठताच येईना. उजवा पाय हलेना, तोंड वाकडं झालं होतं. हॉस्पिटलमध्ये नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. गुठळी विरघळवायचं औषध असतं, पण ते सुरुवातीच्या काही तासांतच देतात म्हणे, आमचे ते तास गेले. आज घरी आणलंय. उजवी बाजू गेली आहे, बोलते ते मलाच कळतं. जीव वाचला हेच खूप. काका, तुम्ही त्या दुपारी होतात म्हणून मला धीर आला, नाहीतर एकटीला वेडच लागलं असतं. तुमचे उपकार मी विसरणार नाही.'

ते खुर्चीवर बसले. ग्रुपवर पाच जण प्रश्न घेऊन थांबले होते. कुणालाच उत्तर गेलं नाही. पाऊण ते सहा. मध्ये सव्वापाच तास होते आणि त्यातले चार त्यांनी स्वतःच्या बोटाने 'झोपू द्या' म्हणून लिहून दिले होते. निरोप पुन्हा वर सरकवून त्यांनी त्या दुपारचं सगळं वाचून काढलं. 'उजवा हात जड वाटतो म्हणते.' लिहिलेलं होतं. अगदी स्पष्ट, तिसऱ्या ओळीत. साखर उतरली की दोन्ही हात कापतात. एकच हात जड झाला, तर ते वेगळं. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांची नजर त्या वाक्यावरून सरकून पुढच्या घामावर गेली होती.

दोन दिवसांनी त्यांची स्वतःची तपासणी होती, सरकारी रुग्णालयात. तिथली डॉक्टर तरुण होती, नातीच्या वयाची. तिने रक्तदाब घेतला आणि म्हणाली, "आज जास्त आहे. झोप होत नाही का?"

कंपाउंडरांनी विचारलं, "एखाद्याचं बोलणं जड झालं, घाम आला, पोटात काही नाही आणि साखरेची गोळी घेतलेली. तर काय समजायचं?"

"समजायचं काही नाही. मशीनने साखर बघायची आणि गाडी बोलवायची. दोन्ही, लगेच. साखर उतरली की कधीकधी हुबेहूब पक्षाघातासारखंच दिसतं, आमचीही फसगत होते. आणि जीभ जड असेल तर तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. श्वासनळीत जातं." तिने मान वर केली. "घरात कुणाला झालं का?"

"नाही. ओळखीत."

"सल्ला कुणी दिला?"

"एका कंपाउंडरने."

"कुठे गाठ पडली त्याची?"

"फोनवर," ते म्हणाले.

तिने सुस्कारा सोडला, त्यांच्यावर नव्हे, तिला रोजच सोडावा लागत असावा तसा. पुढचा पेशंट दारात उभा होता.

त्या रविवारी त्यांनी मुलाला सांगितलं. सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कुठे म्हणालात की तुम्ही डॉक्टर आहात? लोकांनी समजून घेतलं, त्याला तुम्ही काय करणार? आणि फुकट सल्ला. तिने कशाला ऐकावं? सोडून द्या. ग्रुपमधून बाहेर पडा, झालं."

"झालं कसं?"

"मग काय करणार आहात?"

"बघतो."

"कुणाला काही लिहून देऊ नका मात्र," मुलगा म्हणाला. "उगीच कायद्याचं लचांड मागे लागायचं."

फोन ठेवल्यावर कंपाउंडरांना वाटलं, हे बोलायला एकच माणूस होतं, बायको, आणि ती मुलाने फ्रीज साफ करायच्या आधीच गेली होती.

सोमवारी ते बसने पोहण्याच्या तलावापर्यंत गेले. समोर चष्म्याचं दुकान होतं. अरुंद, आत लांबवर गेलेलं. मागच्या बाजूला घासायच्या यंत्रापाशी पांढऱ्या डगल्यातली एक बाई बसली होती. केस मागे बांधलेले, चेहरा थकलेला. तिचा आवाज ऐकायच्या आधीच त्यांनी ओळखलं.

"मी जुना दवाखाना," ते म्हणाले.

तिला कळायला क्षणभर लागला. मग ती उठलीच. "काका? तुम्ही? इथे?" दुकानाच्या मालकाकडे वळून म्हणाली, "अहो, हे आमचे डॉक्टर काका, मी सांगते ना नेहमी!" मालकाने उठून खुर्ची पुढे केली. कंपाउंडर बसले नाहीत.

"बाहेर येतेस का दोन मिनिटं?"

दुकानाच्या पायरीवर दोघं उभी राहिली. समोर तलावातून मुलांचा आणि पाण्याचा आवाज येत होता. तिने दिवसाआड व्यायाम करून घेणारी बाई येते, आईला तिचा राग येतो, असं काहीबाही भरभरून सांगायला सुरुवात केली. कंपाउंडरांनी तिला थांबवलं.

"मी डॉक्टर नाही. कंपाउंडर होतो. औषधं बांधून द्यायचो. लोक डॉक्टर म्हणायला लागले आणि मी बोललो नाही."

तिचा हात डगल्याच्या खिशातल्या फोनवर गेला.

"आणि त्या दुपारी मी चुकलो. साखर नव्हती ती. तू हात लिहिला होतास, मी वाचला नाही नीट. गाडी बोलव म्हणायला पाहिजे होतं. पाणीसुद्धा द्यायला नको होतं. आणि मी म्हटलं झोपू द्या."

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"नाही. मला वाटलं साखर."

"वाटलं," ती म्हणाली.

एक बस येऊन थांबली, माणसं उतरली, बस गेली.

"माझा भाऊ त्या दिवशी फोनवर ओरडत होता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट इतका खाली गेला की त्यांना वाकून ऐकावं लागलं. "गाडी बोलाव, गाडी बोलाव म्हणत होता. मी त्याला म्हटलं, तू गप्प बस, मी डॉक्टरांशी बोललेय. तुला काय कळतं म्हटलं मी त्याला."

ती मागे वळून दुकानाकडे बघू लागली.

"आता त्याला मी काय सांगू?"

"मी सांगतो. नंबर दे."

"नको." तिने डगल्याला हात पुसले, हात कोरडेच होते. "मी समोर बसले होते ना काका. हात लोंबत होता तिचा. मी बघत होते. फोनमध्ये बघत होते आणि हाताकडेही बघत होते." मग म्हणाली, "मला राग येतोय, पण आत्ता बोलता येणार नाही. गिऱ्हाईक आहे."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काचेतून त्यांना दिसलं, ती यंत्रापाशी जाऊन बसली. यंत्र तिने चालू केलं, पण त्यात भिंग लावलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी ग्रुपवर लिहिलं. तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. शेवटी जे गेलं ते एवढंच होतं: 'मी डॉक्टर नाही. एका दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. माझ्या सल्ल्यामुळे एका बाईंना हॉस्पिटलमध्ये न्यायला उशीर झाला आणि त्यांची एक बाजू गेली. मी तुम्हाला जे जे सांगितलं असेल ते ते तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.'

मग जे व्हायचं ते झालं. काहींनी शिव्या दिल्या. एकाने पोलिसांत जायची भाषा केली. पाचपन्नास जण काही न बोलता ग्रुप सोडून गेले. इन्सुलिनची बाटली उन्हात ठेवणाऱ्याने लिहिलं, 'मला तर तुम्ही वाचवलंत, बाकीचं मला माहीत नाही.' पण सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. त्याच संध्याकाळी पाच वाजता एका माणसाने लिहिलं, 'जाऊ द्या डॉक्टर, चुका सगळ्यांच्याच होतात. माझ्या पायाला मुंग्या येतात, काय घेऊ?'

दालचिनीवाला मात्र खूश होता. आठवडाभरात तो पुन्हा पहिल्यासारखा लिहू लागला.

कंपाउंडरांनी महिनाभर फोन कपाटात ठेवला, रविवारपुरता काढायचे. इस्त्रीचा शर्ट घालायचं कारण उरलं नाही. टेबल खिडकीपासून हलवलं नाही, पण त्यावर आता नुसतं वर्तमानपत्र असायचं. घसा पुन्हा धरून येऊ लागला. एका रविवारी फोन काढला तर निरोप दिसला, चार दिवसांपूर्वीचा. निळी छत्री नव्हती, तिथे कोरा करडा गोल होता, पण नंबर तिचाच.

'आई आता काठी धरून खिडकीपर्यंत जाते. उजव्या हाताचं सांगता येत नाही म्हणतात. भावाला खरं सांगितलं. तो चार दिवस बोलला नाही, आता बोलतो. तुम्ही दुकानात येऊन सांगितलंत, ते मी आईला सांगितलं नाही. ती अजून विचारते, काकांचा निरोप आला का. तुम्हाला कळवावंसं वाटलं म्हणून लिहिलं. उत्तर देऊ नका.'

त्यांनी उत्तर दिलं नाही. म्हातारी विचारते, हे वाक्य मात्र त्यांना पुढे कितीतरी दिवस जेवताना आठवत राहिलं.

ग्रुप चालवणारा एक निवृत्त बसचालक होता. त्याने एका रविवारी फोन केला. "परत या हो," तो म्हणाला. "तुम्ही गेल्यापासून पावडरवाले पुन्हा आलेत. माझ्याने आवरत नाहीत."

"मी काय सांगणार आता?"

"जे माहीत आहे ते. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणा. मी तीस वर्षं बस चालवली, फाटा माहीत नसला की खाली उतरून विचारायचो. लोक ओरडायचे, पण बस बरोबर जायची."

कंपाउंडर परत गेले. नाव बदललं, 'निवृत्त कंपाउंडर' केलं. सरकारी रुग्णालयातल्या त्या तरुण डॉक्टरकडून त्यांनी एक कागद तपासून आणला होता, कोणत्या तक्रारी इथे विचारायच्याच नाहीत याचा. तोंड वाकडं, एक हात जड, जीभ जड, छातीत दाब, असं झालं तर गाडी बोलवा, फोनवर लिहीत बसू नका. बसचालकाने तो सगळ्यांना दिसेल असा वर लावून ठेवला. तो कागद किती जण वाचायचे, हे कळायला मार्ग नव्हता. गोळी जेवणाआधी की नंतर, एवढंच आता कंपाउंडर सांगत. बाकीच्याला त्यांचं एकच उत्तर. साहजिकच विचारणारे कमी झाले. पूर्वी दिवसाला साठ असायचे, आता तीन किंवा चार. एक-दोन जण उघडच म्हणाले, 'डॉक्टरांना दाखवा हे सांगायला ग्रुप कशाला हवा?'

एका शनिवारी सकाळी एका माणसाने लिहिलं, 'रात्री जेवल्यापासून छातीत दाबल्यासारखं होतंय, गॅसच असणार. कोणती गोळी घेऊ?'

'आत्ता हॉस्पिटलमध्ये जा,' कंपाउंडरांनी लिहिलं.

'अहो, गॅस आहे. मला माझं शरीर कळतं.'

'मला कळत नाही. मला तुम्ही दिसत नाही. जा.'

'इतकं तर आम्हालाही सांगता येतं.'

मग तो गप्प झाला. कंपाउंडर बसून राहिले. बारा वाजले, दोन वाजले. जेवण ताटात तसंच राहिलं. त्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं, तो जाडा की बारीक हेही माहीत नव्हतं. चारच्या सुमाराला निरोप आला.

'आलोय. रांग आहे. बाकावर बसवलंय. काही निघालं नाही तर तुम्हाला सोडणार नाही.'

कंपाउंडर मोठ्याने हसले. कितीतरी दिवसांनी हसले. रिकाम्या खोलीत तो आवाज त्यांना स्वतःलाच जरा परका वाटला. त्यांनी लिहिलं, 'उठू नका. नंबर येईपर्यंत बसा.'

गॅसच होता. दुसऱ्या दिवशी त्या माणसाने ते सगळ्यांसमोर लिहिलं, हॉस्पिटलच्या कागदाचा फोटो लावला, खाली हसरी तोंडं टाकली, आणि लिहिलं की कंपाउंडर काकांमुळे त्याचा अख्खा शनिवार बाकावर गेला. लोक भरपूर हसले. त्यानंतर त्याने त्यांना पुन्हा कधी काही विचारलं नाही.

कंपाउंडरांनी तो कागद फोटो मोठा करून नीट वाचला. हृदयाचा आलेख व्यवस्थित होता. मग त्यांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि बेकरी बंद व्हायच्या आत पाव आणायला खाली उतरले.